शाळेचं नेटवर्क : साइट बंद करण्याआधीची कामं

शाळेत इंटरनेट आलं की मुख्याध्यापकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : घाणेरड्या साइट बंद करता येतील ना? येतात. अर्ध्या तासाचं काम आहे, पुढे सविस्तर सांगतो. पण जिथे तेवढंच करून थांबतात, तिथे नववीतला एखादा चुणचुणीत मुलगा संगणक कक्षात बसून कार्यालयातल्या संगणकावरची फोल्डरं उघडू शकतो. त्या फोल्डरांत सगळ्या शाळेचे आधार क्रमांक, बँकेच्या पासबुकांचे फोटो आणि जातीचे दाखले असतात.

ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये शाळांतल्या आतूनच झालेल्या २१५ माहितीगळतींची छाननी जाहीर केली. त्यातल्या ५७ टक्के प्रकरणांत हात विद्यार्थ्यांचा होता, आणि त्यात पासवर्ड अंदाजाने ओळखणं किंवा कागदावर लिहिलेला सापडणं असले साधे प्रकारही होते. आपल्याकडे संगणकाच्या पडद्यालाच चिठ्ठी चिकटवलेली असते, म्हणजे अंदाज बांधायचेही कष्ट नाहीत. म्हणून या लेखातला क्रम उलटा आहे. आधी कार्यालय आणि मुलं वेगळी करायची, मग फिल्टर लावायचा.

नमुन्यादाखल तालुक्याच्या गावातली एक अनुदानित माध्यमिक शाळा धरू. वीस संगणकांचा कक्ष, कार्यालयात तीन संगणक, आठ वर्गांत स्मार्ट टीव्ही, सोळा कॅमेरे, एक बायोमेट्रिक हजेरी यंत्र आणि तीसेक शिक्षक. जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा असेल तर यातलं बरंच गाळता येईल. त्यांच्यासाठी स्वस्तातला मार्ग जागोजागी दिला आहे.

आधी कागद, मग केबल

जिल्हा परिषद शाळांत नेहमी दिसणारी गोष्ट : सगळं नेटवर्क एखाद्या तंत्रस्नेही गुरुजींनी हौसेने उभं केलेलं असतं. शाळेचा ईमेल त्यांच्या खासगी जीमेलवर, राउटरचा पासवर्ड त्यांच्या डोक्यात, इंटरनेटचं कनेक्शन त्यांच्या मोबाइल नंबरवर. मे महिन्यात बदली होते आणि जूनमध्ये नव्या माणसाला राउटर रिसेट करून श्रीगणेशा करावा लागतो. गुरुजींचा दोष नाही, कोणी लिहून ठेवायला सांगितलंच नव्हतं.

म्हणून पहिलं काम असं. शाळेच्या नावाने एक ईमेल खातं उघडा आणि कनेक्शन, राउटर, कॅमेरे सगळं त्याच खात्यावर घ्या. मुख्याध्यापकांच्या सहीने दोन जण नेमा, एक मुख्य आणि एक पर्यायी. एकच नेमला की तो रजेवर गेल्यावर काम अडतं. पासवर्ड एका वहीत लिहा, वही पाकिटात घाला, पाकिटावर सही-शिक्का मारा आणि ते दाखल्यांच्या कपाटात कुलपात ठेवा. कागदावर पासवर्ड लिहू नये असं सगळीकडे वाचायला मिळतं. शाळेपुरतं ते मला पटत नाही. कुलपातला कागद हा उघड्या पडद्यावरच्या चिठ्ठीपेक्षा आणि एकाच माणसाच्या स्मरणशक्तीपेक्षा कितीतरी बरा.

मग शाळेचा नकाशा काढा, हाताने काढला तरी चालतो. बाहेरून लाइन कुठे येते, प्लग कुठे आहेत, कुठल्या भिंती दगडी आहेत, पत्र्याची खोली कुठली, हे त्यात दाखवा. जुन्या काळ्या दगडाच्या इमारतीत वायफाय एका भिंतीपलीकडे मरतं, हे पाहणीतच कळलं तर अॅक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारा डबा) विकत घेण्याआधी कळतं. नेटला जोडलेली प्रत्येक वस्तू यादीत लिहा. प्रिंटर, हजेरी यंत्र आणि कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) लोक हमखास विसरतात.

वीज आणि केबल

नेटवर्कच्या निम्म्या तक्रारी विजेच्या असतात. वायरमनला सांगून न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मोजून घ्या. तो ३ व्होल्टच्या वर दिसला तर आधी अर्थिंगचा खड्डा नीट करा. उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायला कोणालाच आठवत नाही. राउटर आणि फायबरच्या डब्यासाठी छोटा डीसी यूपीएस घ्या. बाकी संगणक बंद पडले तरी कार्यालयातला लॅपटॉप चालतो, आणि सरल किंवा यू-डायस या सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती भरताना मध्येच लाइट गेली तरी काम अडत नाही.

दोन इमारती असतील तर त्यांच्यामध्ये तांब्याची केबल टाकू नका, फायबर टाका. वळवाच्या पावसात वीज जवळपास कोसळली की तांब्यातून आलेला झटका दोन्ही टोकांचे नेटवर्क स्विच (एका लाइनीला अनेक यंत्रं जोडणारे डबे) जाळतो, कधी त्यांना जोडलेले संगणकही. फायबर ही काचेची तार, तिच्यातून वीज वाहत नाही. मराठवाडा-विदर्भातल्या शाळांनी यात काटकसर करू नये.

आतल्या वायरिंगसाठी कॅट-६ प्रतीची तांब्याची केबल पुरेशी आहे. एका तुकड्याची कमाल लांबी १०० मीटर. बाजारात स्वस्त म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच केबलमध्ये अॅल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. ओळखायची कशी? आतली तार ब्लेडने खरवडा. आतून पांढुरकी निघाली तर ती परत करा. अशा तारेवरून कॅमेऱ्याला वीज द्यायची असेल तर ती तापते, आणि काही महिन्यांत टोकं सैल होऊन नेट ये-जा करू लागतं. बिलावर ‘शुद्ध तांबे’ असं लिहून घ्या.

टोक स्वतः मारणार असाल तर दोन्ही बाजूंना रंगांचा क्रम एकच ठेवा : पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठांपैकी एखादी तार नीट बसली नाही तरी कित्येकदा नेट चालतंच, पण १००० ऐवजी १०० मेगाबिटवर घसरतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. स्विचवरच्या दिव्याचा रंग वेगळा दिसला की तेच टोक पुन्हा मारा. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना नंबराची पट्टी लावा. स्विच आणि राउटर कुलपाच्या रॅकमध्ये ठेवा. व्हरांड्यात उघडं नेटवर्क पॉइंट ठेवू नका. मुलांची उत्सुकता चांगलीच गोष्ट आहे, पण तिच्यासाठी कक्षात जागा आहे.

वेगळं करणं, हा खरा गाभा

कंपनीने फायबरसोबत दिलेल्या डब्यात सगळं जोडलं की कार्यालय, मुलं, कॅमेरे आणि पाहुण्यांचे मोबाइल एकाच नेटवर्कवर येतात. शाळेची चावडी, तिजोरी आणि वर्ग एकाच खोलीत थाटल्यासारखं. एका संगणकात आलेला व्हायरस बाकीच्यांपर्यंत रांगत जातो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस असाच पसरला. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, पण अपडेट न केलेले संगणक एकमेकांना संसर्ग देत गेले.

म्हणून कंपनीच्या डब्यामागे शाळेचा स्वतःचा राउटर लावा आणि शाळेचे भाग पाडा. नमुन्यातल्या शाळेसाठी विभागणी अशी, आकडा हा त्या भागाचा क्रमांक :

- १० : कार्यालय आणि त्याचा प्रिंटर
- २० : संगणक कक्ष
- ३० : शिक्षकांचे लॅपटॉप, मोबाइल
- ४० : वर्गांतले स्मार्ट टीव्ही
- ५० : कॅमेरे आणि हजेरी यंत्र
- ६० : पाहुणे, प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला आलेली मंडळी

हे आकडे आयपी पत्त्यातही (नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राच्या आकडी पत्त्यात) वापरा. कार्यालय १९२.१६८.१०, कक्ष १९२.१६८.२०, याप्रमाणे. पुढे एखादं यंत्र गडबड करू लागलं की पत्त्यावरूनच कळतं ते कुठलं आहे.

हे भाग करायचे रीतसर साधन म्हणजे व्हीलॅन (एकाच तारेवर वेगवेगळी नेटवर्कं चालवायची सोय), आणि त्यासाठी मॅनेज्ड, म्हणजे मांडणी बदलता येणारा, स्विच लागतो. तेवढे पैसे नसतील तर पाच पोर्टचा, म्हणजे केबल जोडायच्या पाच खाचांचा, राउटर घ्या. मायक्रोटिक कंपनीचा साधा राउटर काही हजारांत येतो. पोर्ट एकला बाहेरची लाइन, दोनला कार्यालयाचा स्विच, तीनला कक्षाचा, चारला कॅमेऱ्यांचा, पाचला वायफायचा. स्विच साधेच चालतात, केबल मात्र वेगवेगळ्या. पाचव्या पोर्टवर शिक्षक, टीव्ही आणि पाहुणे एकत्र येतात, हे या मार्गाचं उणेपण. पण मुलं आणि कार्यालय वेगळे झाले, तर मोठं काम झालं. जुना डेस्कटॉप पडून असेल तर त्यात दुसरं नेटवर्क कार्ड घालून ओपीएनसेन्ससारखा मोफत फायरवॉलही (नेटवर्कमधली ये-जा तपासून अडवणारी प्रणाली) टाकता येतो. मात्र त्यासाठी शिकायची तयारी असलेला माणूस हवा, आणि तो डेस्कटॉप दिवसभर वीज खातो.

इथे दोन ठिकाणी हमखास घसरायला होतं. पहिलं, मायक्रोटिकच्या मूळ मांडणीत पोर्ट दोन ते पाच एकाच ब्रिजमध्ये (एकच नेटवर्क मानल्या जाणाऱ्या गटात) बांधलेले असतात. त्यांना ब्रिजमधून बाहेर काढल्याशिवाय वेगळे पत्ते देऊन उपयोग नाही. दुसरं, पत्ते वेगळे झाले म्हणजे वाट बंद झाली असं होत नाही. राउटरचं कामच एका नेटवर्कमधून दुसऱ्यात पोचवण्याचं आहे, तो इमानदारीत कक्षातून कार्यालयात पोचवत राहतो. फायरवॉलमध्ये नियम लिहावा लागतो : आतल्या एका भागातून दुसऱ्या भागात काहीही जाऊ देऊ नको. मग मोजके अपवाद, उदाहरणार्थ मुख्याध्यापकांच्या संगणकावरून कॅमेऱ्यांचा डीव्हीआर. राउटरचं लॉगिन पान फक्त कार्यालयाच्या भागातून उघडेल असं ठेवा.

दोनशिक्षकी शाळेत हे सगळं नको. घरगुती राउटरमध्येही पाहुण्यांचं वायफाय वेगळं करायची सोय असते. मुलांचे टॅब आणि टीव्ही त्यावर, गुरुजींचा लॅपटॉप मुख्य वायफायवर. पाच मिनिटांचं काम, आणि त्याने बराच धोका टळतो.

कॅमेऱ्यांबद्दल थोडं जास्त. ते सुरक्षेसाठी लावतो आणि बहुतेक वेळा नेटवर्कमधली सर्वांत असुरक्षित वस्तू तीच असते. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने (घातक प्रणालीने) कारखान्यातून आलेला पासवर्ड कधीच न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर हजारोंच्या संख्येने ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या साइट बंद पाडल्या. तेव्हा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. राउटरमधलं यूपीएनपी (यंत्रांना आपोआप बाहेरची वाट उघडू देणारी सोय) बंद करा. घरबसल्या मोबाइलवर कॅमेरे दिसावेत म्हणून बसवणारा माणूस राउटरमध्ये बाहेरून आत यायची वाट उघडून देतो, त्याला नाही म्हणा. कॅमेऱ्यांच्या भागाला इंटरनेटच देऊ नका, हे उत्तम. संस्थाचालकांचा मोबाइलसाठी फारच आग्रह असेल तर फक्त डीव्हीआरला बाहेर जायची परवानगी द्या, आणि तो पासवर्ड कोणाकोणाकडे आहे हे वहीत लिहा. वर्गात बसलेल्या मुलींचं चित्रण कोणाच्या फोनवर दिसतंय, हे पालक कधीतरी विचारतील. विचारायलाच हवं.

वायफाय कोणाला

विद्यार्थ्यांच्या मोबाइलला वायफाय देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कक्षातले संगणक केबलवर चालतात, वर्गातल्या टीव्हीला शक्य तिथे केबल द्या. मुलांच्या मोबाइलने शाळेच्या कामात भर पडत नाही आणि प्रत्येक मोबाइल म्हणजे एक नवी खिडकी.

वायफायची नावं तीनच ठेवा : शिक्षक, टीव्ही, पाहुणे. सुरक्षा डब्ल्यूपीए-२ किंवा ३, डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिनने जोडायची सोय) बंद. शिक्षकांचा पासवर्ड प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला आणि कोणी शाळा सोडून गेलं की बदला. पाहुण्यांचा कार्यक्रम झाला की त्याच संध्याकाळी बदला. दोन-तीन अॅक्सेस पॉइंट असतील तर २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल १, ६ आणि ११ एवढेच वापरा, बाकीचे एकमेकांवर चढतात.

वेगाचं गणित सोपं आहे. वीस संगणकांना प्रत्येकी ४ मेगाबिटची मर्यादा घातली तर ८० मेगाबिट लागतात, म्हणजे १०० मेगाबिटची योजना पुरते. मर्यादा राउटरमध्येच घाला. ती नसेल तर एका संगणकाचं अपडेट बाकी एकोणिसांना लटकवतं. आणि प्रत्येक तासाला इंटरनेट लागतंच असं नाही. किविक्स या मोफत प्रणालीने मराठी विकिपीडिया एखाद्या जुन्या संगणकावर उतरवून ठेवता येतो, कक्षातली मुलं तो बिननेटचा वाचतात. लाइन तुटली म्हणून तास वाया जात नाही.

आता फिल्टर

सर्वांत सोपा आणि फुकट फिल्टर डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणाऱ्या सेवेचा. संगणक एखाद्या साइटचा पत्ता विचारतो, तेव्हा उत्तर देणारा सर्व्हर निवडायचा. क्लाउडफ्लेअरचे १.१.१.३ आणि १.०.०.३ हे सर्व्हर अश्लील आणि धोकादायक साइटचे पत्ते देत नाहीत. क्लीनब्राउझिंगचे १८५.२२८.१६८.१६८ आणि १८५.२२८.१६९.१६८ त्याहून कडक आहेत. ते गूगल आणि यूट्यूबलाही सुरक्षित रूपात ठेवतात आणि फिल्टर चुकवायला मदत करणाऱ्या प्रॉक्सीही अडवतात. संगणक कक्षाला क्लीनब्राउझिंग, शिक्षकांना क्लाउडफ्लेअर, अशी वाटणी मला योग्य वाटते. शिक्षकांवर मुलांइतकाच कडक फिल्टर लावला की चार दिवसांत ते तुमच्यामागे लागतात आणि शेवटी सगळाच फिल्टर काढला जातो.

हे आकडे प्रत्येक संगणकात भरू नका, राउटरमध्ये भरा. आणि तिथे न थांबता पुढच्या गोष्टी करा, कारण फिल्टर चुकवायच्या वाटा मुलांना सातवीतच माहीत असतात.

संगणकाने दुसऱ्याच सर्व्हरला पत्ता विचारला तर? राउटरमध्ये नियम लिहा की पोर्ट ५३ वरची (इथे पोर्ट म्हणजे केबलची खाच नव्हे, वाहतुकीच्या प्रकाराचा क्रमांक) प्रत्येक विचारणा, टीसीपी आणि यूडीपी या दोन्ही पद्धतींची, राउटरकडेच वळवायची. पोर्ट ८५३ बंद करा, अँड्रॉइडचा प्रायव्हेट डीएनएस त्यावरून जातो. याचा एक परिणाम ध्यानात ठेवा. ज्या शिक्षकाने जाहिराती अडवण्यासाठी मोबाइलमध्ये प्रायव्हेट डीएनएस भरलेला असेल, त्याला ‘नेट चालत नाही’ असं दिसेल. तक्रार आली की राउटर तपासत बसू नका, आधी त्याचा फोन बघा.

ब्राउझर हल्ली हीच विचारणा साध्या वेब वाहतुकीत लपवून पाठवतात, ती पोर्टवरून ओळखू येत नाही. फायरफॉक्ससाठी राउटरमध्ये ‘यूज-अॅप्लिकेशन-डीएनएस डॉट नेट’ हे नाव अस्तित्वातच नाही असं उत्तर द्यायचं, म्हणजे तो आपणहून ही सोय सुरू करत नाही. पण कोणी हाताने चालू केली तर ही युक्ती फसते. म्हणून कक्षातल्या संगणकांवर ब्राउझरच्या पॉलिसीतच (वापरणाऱ्याला बदलता न येणाऱ्या नियमांत) ती बंद करा, आणि त्याच पॉलिसीत नवी एक्स्टेन्शन बसवायलाही मनाई करा. फुकटची व्हीपीएन एक्स्टेन्शन (वाहतूक दुसऱ्याच सर्व्हरमार्गे वळवणारी ब्राउझरची जोड) ही शाळेतली सर्वांत लोकप्रिय पळवाट आहे.

क्लीनब्राउझिंग वापरत नसाल तर गूगलचा शोध सुरक्षित ठेवण्यासाठी राउटरमध्ये गूगलचे पत्ते, डॉट कॉम आणि डॉट को डॉट इन दोन्ही, ‘फोर्ससेफसर्च डॉट गूगल डॉट कॉम’कडे वळवा. यूट्यूबसाठी ‘रिस्ट्रिक्ट डॉट यूट्यूब डॉट कॉम’ आहे, त्याने कडक मर्यादा येते. थोडी सैल हवी तर ‘रिस्ट्रिक्टमॉडरेट’ने सुरू होणारा पत्ता. दोन्हींत व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया दिसत नाहीत, एवढ्या एका फायद्यासाठीही हे करावं. कडक मर्यादेत मात्र शरीरशास्त्राचे काही चांगले व्हिडिओही गायब होतात. विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं तर एखादी साइट उघडी करून द्या आणि कोणी, कधी, कशासाठी मागितली हे वहीत लिहा.

तपासण्यासाठी कुठलीही खरी वाईट साइट उघडायची गरज नाही. क्लाउडफ्लेअरच्या फिल्टरसाठी ‘न्यूडिटी डॉट टेस्टकॅटेगरी डॉट कॉम’ आणि ‘मालवेअर डॉट टेस्टकॅटेगरी डॉट कॉम’ हे चाचणीचेच पत्ते आहेत. ते उघडले नाहीत की फिल्टर चालू आहे. शिवाय कक्षाचं इंटरनेट शाळा सुटल्यावर आपोआप बंद होईल असा वेळेचा नियम लावा.

एवढं करूनही फिल्टर मराठी-हिंदीतल्या शिव्या, व्हॉट्सअॅपवरची चित्रं किंवा मुलाच्या खिशातला मोबाइल डेटा अडवू शकत नाही. पालक सभेत हे आधीच सांगून टाका.

कक्षातले संगणक

मुलांना कधीही अॅडमिन खात्यावर बसवू नका. साधं खातं, त्यात काही बसवता येत नाही. बायोसला (संगणक सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीला) पासवर्ड आणि पेनड्राइव्हवरून सुरू होणं बंद. पेनड्राइव्ह हे आपल्याकडचं खरं दुखणं. गावातल्या झेरॉक्सच्या दुकानातून प्रश्नपत्रिका छापून आणली की सगळी फोल्डरं शॉर्टकट होऊन बसतात. कार्यालयात एकच संगणक पेनड्राइव्हसाठी ठरवा, तिथे आधी स्कॅन.

पुरवठादाराने दिलेल्या संगणकांत विंडोज खरं आहे का ते बघा. चोरटं विंडोज चालवणारी क्रॅक फाइल बसवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगते, म्हणजे चोराला आत घेताना कुत्र्याला बांधून ठेवायचं. याच फेरीत एनीडेस्क, अल्ट्राव्ह्यूअर यांसारख्या दुरून ताबा घेणाऱ्या प्रणाली शोधा. दुरुस्तीवाला एकदा बसवून जातो, कायमचा पासवर्डही ठेवतो, आणि वर्षानुवर्षं तो दरवाजा उघडा राहतो. काम झालं की काढून टाका.

विंडोज १० साठीचं मायक्रोसॉफ्टचं नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, शाळांतले बरेच संगणक त्यात बसत नाहीत. फेकून द्यायची घाई नको, त्यावर लिनक्स टाका. केरळच्या सरकारी शाळा ‘काइट’ या राज्य संस्थेच्या पुढाकाराने वर्षानुवर्षं मुक्त प्रणालीवर शिकवत आहेत. लिब्रेऑफिस, ब्राउझर आणि युनिकोड मराठी टायपिंग एवढ्यावर शाळेचा अभ्यासक्रम आरामात होतो. कार्यालयात मात्र जुन्या फॉन्टमधल्या फाइल असतील तर एखादा विंडोज ११ संगणक राखून ठेवा.

कार्यालयाची माहिती

शालार्थ (पगाराचं सरकारी पोर्टल), सरल, यू-डायस ही सगळी खाती एकाच क्लार्कच्या ब्राउझरमध्ये साठवलेल्या पासवर्डवर चालतात. त्याच ब्राउझरमध्ये दुपारी क्रिकेटचा स्कोअरही बघितला जातो. सरकारी कामासाठी वेगळं ब्राउझर प्रोफाइल करा, त्यात दुसरं काही उघडायचं नाही. जिथे दोन टप्प्यांची पडताळणी आहे तिथे ती चालू करा. ओटीपी कोणी फोनवर मागितला तर, अगदी ‘पंचायत समितीतून बोलतोय’ म्हटलं तरी, द्यायचा नाही.

विद्यार्थ्यांच्या आधारची यादी शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची सवय सोडावी लागेल. एकदा गेलेली यादी तीस मोबाइलच्या गॅलरीत आणि तितक्याच क्लाउड खात्यांत जाऊन बसते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल आहे आणि मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. प्रवेश अर्जातच संमतीचा परिच्छेद आतापासून घालून ठेवा.

बॅकअप : तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक शाळेबाहेर. शाळेबाहेरची प्रत पासवर्डने बंद केलेली हवी. हार्डडिस्क बॅकअप घेतल्यावर काढून कपाटात ठेवा, संगणकाला जोडलेलीच राहिली तर खंडणीखोर व्हायरस तीही कुलूपबंद करतो. दर सत्राला एकदा त्यातली एखादी फाइल प्रत्यक्ष उघडून बघा.

काही घडलंच तर

कक्षातल्या मुलांना संगणक नंबर ठरवून द्या, तास-दर-तास वही ठेवा. कुठल्या वेळी कुठल्या संगणकावर कोण होतं, हे सांगणारी ही सर्वांत स्वस्त नोंद. राउटरच्या नोंदीही ठेवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवसांची मुदत आहे, शाळेने तीच धरावी.

संगणकात व्हायरस शिरल्यासारखा वाटला तर केबल काढा, संगणक बंद करू नका, फॉरमॅट तर मुळीच नको. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीवर फोन. मुलाला कोणी ऑनलाइन छळत असेल तर १०९८ ही मुलांची मदतवाहिनी आहे. मुलाच्या लैंगिक शोषणाचा प्रकार कळल्यावर पोक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ‘शाळेचं नाव जाईल’ म्हणून आत मिटवता येत नाही. आणि मुलाचं अश्लील चित्र पुरावा म्हणूनही शिक्षकांच्या ग्रुपवर टाकू नका. ते साठवणं आणि पुढे पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे.

मुलांना नियम सांगताना एक गोष्ट ठासून सांगा : नको ते काही दिसलं तर पडदा बंद करून बाईंना किंवा सरांना सांगायचं, सांगणाऱ्याला शिक्षा नाही. पहिल्या सांगणाऱ्या मुलावरच ओरडलात, तर त्या वर्गातून पुन्हा कोणी सांगायला येणार नाही.

बिलावर सही करण्याआधी

काम बाहेरच्या माणसाने केलं असेल तर शेवटचा हप्ता देण्याआधी त्याच्या समोर बसून पुढच्या गोष्टी करून बघा. कक्षातल्या संगणकावरून कार्यालयातल्या संगणकाला पिंग करा (तो उत्तर देतो का हे बघायची साधी आज्ञा), उत्तर यायला नको. तिथूनच राउटरचं लॉगिन पान आणि कॅमेऱ्याचा पत्ता उघडून बघा, तेही उघडायला नको. त्या संगणकात हाताने ८.८.८.८ हा डीएनएस भरा आणि बंद असलेली साइट पुन्हा उघडा, ती तरीही बंदच राहायला हवी. पाहुण्यांच्या वायफायवर मोबाइल जोडून कार्यालयाच्या प्रिंटरवर छपाई पाठवा, ती निघता कामा नये. विजेचा मुख्य स्विच पाडून बघा, राउटर यूपीएसवर चालू राहतो का. मग राउटर, स्विच, अॅक्सेस पॉइंट आणि डीव्हीआर यांचे पासवर्ड आणि राउटरच्या मांडणीची बॅकअप फाइल त्याच्याकडून घ्या, आणि तो निघून गेल्यावर सगळे पासवर्ड बदला.